तेराव्यानंतरच्या घरात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती तोंडावर आले. चाकरमान्यांच्या गाड्या मुंबई-ठाण्याहून निघतील. आरत्या, भजनं, गौरीचा ओवसा यांतून वेळ काढून पुष्कळ घरांतली माणसं आणखी एक काम करतील. वर्षभरात वाडीत ज्यांच्याकडे कोणी गेलं, त्यांना भेटून येतील. मयताला पोचता आलं नाही, दिवसकार्याला रजा मिळाली नाही, म्हणून गणपतीत जाऊन येऊ, असं कोकणात पूर्वीपासून चालत आलं आहे. आम्ही रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात परिचारिका, समुपदेशक आणि शिक्षक म्हणून काम करतो, आणि दुःखातल्या घरांशी आमचा नेहमी संबंध येतो. त्या एका भेटीनं घर सावरतंही आणि खचतंही. म्हणून हे पत्र गणपतीआधी छापावं, ही विनंती.

दुःखाच्या घरी कसं जायचं हे आपल्याला रिवाजांनी शिकवलं. पण ते रिवाज एकाच तऱ्हेच्या दुःखासाठी बेतलेले आहेत. माणूस गेला, देह मिळाला, आणि कशानं गेला ते चारचौघांत सांगता येतं. समुद्रात हरवलेला खलाशी, स्वतःचा जीव घेतलेला मुलगा, जन्माआधीच गेलेलं बाळ, वादळात आडवी झालेली बागायत, यांच्यासाठी गावाकडे रीत नाही. रीत नाही म्हणून काय बोलावं ते सुचत नाही, आणि सुचत नाही म्हणून लोक जातच नाहीत. घरच्यांना मात्र वाटतं, आपल्याला वाळीत टाकलं.

पहिले तेरा दिवस आपण चांगले सांभाळतो. घरची चूल बंद, शेजारघरची पेज येते, ओटीवर रात्री-अपरात्री कोणीतरी बसलेलं असतं. ताज्या दुःखात माणसाचं डोकं निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसतं, तेव्हा कोणत्या दिवशी काय करायचं हे आधीच ठरलेलं असणं हा मोठा आधार. मोहल्ल्यात जियारत आणि चाळीसावा, बौद्धवाडीत पुण्यानुमोदन, ख्रिस्ती घरांत महिन्याची मिस्सा, ही सगळी तेच काम करतात. त्यांना वेळेचा अपव्यय म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

चुकतं ते औषधांच्या बाबतीत. सासरा गेला की सासूच्या रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी राहतात. मधुमेह असलेल्यानं जेवण न घेता गोळी किंवा इन्सुलिन घेतलं तर साखर एकदम उतरते, आणि चार दिवस औषध सोडलं तर चढते. जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका खरोखरच वाढतो, त्यामुळे छातीत कळ आली, डावा हात भरून आला, दरदरून घाम फुटला तर ‘रडून रडून झालंय’ म्हणून सोडू नये, सरळ १०८ ला फोन करावा. भावकीतल्या एका धडधाकट बाईनं किंवा पोरानं पहिल्या दिवशीच घरातल्या सगळ्यांच्या गोळ्या ताब्यात घ्याव्यात आणि वेळ झाली की हातावर ठेवाव्यात. जेवण उतरत नसेल तर आपली पेजच सर्वांत बरी. एक वाटी उकड्या तांदळाला सात-आठ वाट्या पाणी, भात फुटेस्तोवर शिजवून मीठ घातलेली. दर दोन-तीन तासांनी अर्धा पेला पुढे करायचा. ‘जेवतेस का?’ विचारलं तर उत्तर नाहीच येतं, पेला हातात दिला तर तो बहुतेक वेळा रिकामा होतो.

दहाव्याच्या कावळ्याबद्दलही सांगायला हवं. पिंडाला कावळा शिवला नाही की घाटावर बसल्या बसल्या तर्क सुरू होतात. म्हाताऱ्याची इच्छा राहिली, सुनेनं शेवटी पाणी दिलं नाही, जमिनीचा वाद मिटला नाही. ज्याच्याकडे बोट जातं तो माणूस ते ओझं वर्षानुवर्षं वागवतो. त्यात घरातलं लहान मूल असेल तर ते मनातल्या मनात ठरवतं की आपल्यामुळेच. दर्भाचा कावळा करून विधी पुरा करण्याची सोय रूढीतच आहे. जाणत्यानं अर्ध्या तासाच्या आत ती करून मोकळं व्हावं, आणि कोणी नावं घेऊ लागला तर त्याला तिथल्या तिथे थांबवावं. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं याबद्दल तर आता सरकारचंही म्हणणं स्पष्ट आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवण्याचं आवाहन केलं. आपल्या किती ग्रामसभांनी तो विषय घेतला, हे वाचकांनीच पाहावं.

खरी अडचण तेराव्यानंतर सुरू होते. पाहुणे परततात, मुलगे मुंबईला जातात, डबे यायचे थांबतात, आणि नेमका त्याच सुमाराला सुन्नपणा ओसरून माणूस नाही हे अंगावर यायला लागतं. आमच्या मते तिसऱ्या आठवड्यापासून चौथ्या महिन्यापर्यंतचा काळ सर्वांत अवघड, आणि त्याच काळात घरात सर्वांत कमी माणसं असतात. यावर उपाय साधा आहे. तेराव्याला वाडी जमलेलीच असते. उठण्यापूर्वी सात घरांनी आठवड्याचे सात वार वाटून घ्यावेत आणि ते बारा आठवडे पाळावेत. ज्याचा वार त्यानं संध्याकाळी अर्धा तास जायचं, कारण दिवेलागणीची वेळ सर्वांत जड जाते. जाताना काही काम घेऊन जावं. ‘काही लागलं तर सांगा’ असं म्हटल्यावर आजवर कोणी काही सांगितलेलं नाही. ‘बुधवारी मी तुझ्याबरोबर बँकेत येते’, ‘उद्या कौलं परतायला माणूस आणतो’ असं बोललं की काम होतं.

कागदांची कामं तर दुःखाच्या बरोबरीनं माणसाला पिळतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत झाली तर शुल्क लागत नाही. ३० दिवसांनंतर वरची परवानगी लागते, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. म्हणून दहाव्याच्या आधी कोणीतरी नोंद करून यावं आणि दाखल्याच्या निदान आठ-दहा प्रती घ्याव्यात. गेलेल्याचा मोबाइल नंबर लगेच बंद करू नये. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, आणि रिचार्ज थांबला की काही महिन्यांत तो नंबर दुसऱ्याला दिला जातो. मग एखाद्या रात्री आईनं सवयीनं फोन लावला की पलीकडून परका माणूस बोलतो. त्यातले फोटो आणि आवाजाचे संदेश आधी दुसऱ्या फोनमध्ये उतरवून घ्यावेत. माणसाचा चेहरा फोटोत राहतो, आवाज मात्र आठवणीतून लवकर निसटतो, आणि त्याची हळहळ नंतर फार होते.

व्हॉट्सॲपवर दुःखाच्या पाच पायऱ्या फिरत असतात. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांबद्दल. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या. त्यामुळे ‘तुला अजून राग कसा येत नाही’ किंवा ‘आता स्वीकार व्हायला हवा’ असं कोणाला म्हणू नये. अनुभवाशी जास्त जुळते ती मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेली गोष्ट. दुःखातला माणूस दोन काठांमध्ये ये-जा करतो. एका काठावर आठवणी आणि रडणं, दुसऱ्या काठावर वीजबिल, पोरांचे डबे, लावणी. एकाच काठावर अडकला की बिघडतं. दिवसभर फोटोपुढे बसलेल्या बाईला कामाला लावण्याची गरज असते. दिवसभर कामात गाडून घेतलेल्या पुरुषाला कोणीतरी गाठून वडिलांचं नाव काढण्याची गरज असते. त्या दुसऱ्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही, कारण तो ‘घट्ट’ दिसतो. असे घट्ट पुरुष पुढे दारूत सापडतात.

या सगळ्यात तारखांचं गणित लक्षात ठेवावं. आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं की अमावास्या-पौर्णिमेला उधाण येणार आणि अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती, असणार. दुःखाची उधाणंही तशीच तारखेनं येतात. वाढदिवस, लग्नाचा दिवस, पहिला आंबा उतरवण्याचा दिवस, नारळी पौर्णिमा, म्हाळ, वर्षश्राद्ध. त्याच्या आधीचा आठवडा प्रत्यक्ष दिवसापेक्षा वाईट जातो. या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयावर आधीच गोल करून ठेवाव्यात आणि त्या दिवशी घरात कोण असेल ते ठरवावं.

आता ज्या दुःखांना रीत नाही ती.

होडी परत आली नाही तर पहिल्या तासांत काय करायचं ते बंदरावर सगळ्यांना माहीत असतं. तटरक्षक दलाचा १५५४ नंबर, पोलिसांत बेपत्ताची नोंद, मच्छीमार सोसायटीला आणि मत्स्यव्यवसाय खात्याला खबर. या प्रत्येकाची पोच घेऊन एका प्लास्टिकच्या पिशवीत, एकाच जागी ठेवावी, कारण पुढे वर्षानुवर्षं तेच कागद मागितले जातात. देह नाही म्हणजे दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणजे विमा, बँक, वारसनोंद सगळं अडलं. ज्यांना एरवी त्याची खबर लागली असती, अशांना सात वर्षं काहीच खबर लागली नाही तर कायदा तो माणूस मृत मानतो, पण तेही न्यायालयातून ठरवून घ्यावं लागतं. मोठ्या आपत्तीत सरकार लवकर निर्णय घेतं. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली, २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळाली नाहीत आणि २३ जुलैला शोध थांबवला गेला. महाडजवळच्या तळियेत २०२१ च्या जुलैमध्येही सगळे मृतदेह हाती लागण्याआधीच शोध थांबवावा लागला होता. ज्या मातीखाली आपली माणसं आहेत ती माती तशीच ठेवून दुसरीकडे राहायला जायचं, हे दुःख बाहेरच्याला कळणं कठीण.

पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेनं १९७० च्या दशकात अशा तुटीला वेगळं नाव दिलं, कारण तिला शेवटच नसतो. घरात दोन तट पडतात. आई रोज ताट वाढते, भाऊ म्हणतो क्रियाकर्म उरकू या. दोघंही एकमेकांना दगडाच्या काळजाचं समजू लागतात. इथे बाहेरच्यानं न्यायाधीश होऊ नये. ‘तो बहुतेक नाही, आणि तरी वाट पाहावीशी वाटते, दोन्ही खरं आहे’, एवढंच म्हणावं. देहाशिवाय करायचा पालाशविधी आपल्याकडे आहे, पळसाच्या पानांची प्रतिमा करून. पण त्याची वेळ बायकोनं आणि आईनं ठरवायची, भावकीनं नाही. मंगळसूत्र आणि कुंकू यांचा निर्णय तिचा एकटीचा, त्याला मुदत नाही. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. किनाऱ्यावर कुठेही बेवारस देह लागला की ओळख पटवायला घरच्यांना बोलावणं येतं, आणि प्रत्येक वेळी जखम नव्यानं उघडते. आई-वडील किंवा मुलं यांचा डीएनए नमुना पोलिसांमार्फत एकदा देऊन ठेवावा. आणि बघायला जायचंच झालं तर बायकोनं किंवा आईनं न जाता चुलत-मावस भावानं जावं.

समोर असून हरवलेली माणसंही असतात. स्मृतिभ्रंश झालेला बाप लेकीला ‘तू कोणाची गो?’ विचारतो, तेव्हा तिनं रडलं तर ‘आहेत ना अजून’ म्हणून तिला गप्प करू नये.

आत्महत्येच्या घरी गाव एकतर जात नाही, नाहीतर चौकशीला जातं. शवविच्छेदन, पंचनामा, जबाब यांत पहिले दोन दिवस जातात, आणि त्यातच कोणीतरी विचारतं, ‘चिठ्ठी होती का?’ हा प्रश्न पोलिसांचा आहे, शेजाऱ्याचा नव्हे. घरच्यांच्या डोक्यात ‘का?’ आणि ‘मी त्या दिवशी असं बोललो नसतो तर’ हे दोनच विचार फिरत असतात. त्यांना तुमचं उत्तर नको असतं. आत्महत्येमागे एक कारण क्वचितच असतं, शेवटचं भांडण हे बहुतेक वेळा फक्त शेवटचं असतं, एवढं शांतपणे आणि एकदाच सांगावं. बाकी जे इतर कोणत्याही मयताला करतो तेच सगळं करावं. पेज न्यावी, ओटीवर बसावं, दहाव्याला जावं, गेलेल्याचं नाव घ्यावं, त्याच्या चांगल्या गोष्टी काढाव्यात. मुलांपासूनही कारण लपवू नये, कारण ते त्यांना शाळेत कोणीतरी सांगतोच, आणि मग घरच्यांवरचा विश्वास जातो. अशा घरातल्या जवळच्या माणसांना स्वतःला धोका वाढलेला असतो. म्हणून आंब्याच्या फवारणीची औषधं पहिल्या दिवशीच दुसऱ्याच्या घरी कुलपात हलवावीत. शंका आली तर सरळ विचारावं, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्यानं तसा विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नये आणि १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लावावा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यानं तो तीव्र ताणाखाली केला असं २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा धरून चालतो आणि त्याला शिक्षेपासून संरक्षण देतो. पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळू नये.

पोटातच किंवा जन्मताच गेलेल्या बाळाचं दुःख तर घरातल्या घरात दाबलं जातं. ‘तू लहान आहेस, पुढच्या वर्षी होईल’ हे वाक्य कोणीही वापरू नये. बाळ बघायचं का, हातात घ्यायचं का, हे आईला विचारावं, दोनदा विचारावं, आणि ती म्हणेल तसं करावं. जबरदस्ती नाही आणि मनाईही नाही. पाचव्या महिन्यानंतर बाळ गेलं तर दोन ते पाच दिवसांत अंगावर दूध उतरतं, आणि याची कल्पना तिला कोणी दिलेली नसते. घट्ट बसणारी बॉडी, गार पाण्याच्या पट्ट्या, फार दुखलं तरच थोडं दूध काढणं, आणि दूध थांबवायच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारणं, इतकं आधी सांगितलं तरी तिचा अर्धा घाबरेपणा जातो. ताप आला किंवा एक बाजू लाल होऊन दुखू लागली तर त्याच दिवशी दवाखान्यात जावं. तिला बाळंतिणींच्या खोलीत ठेवू नये, ही विनंती नातेवाइकांनी स्वतःहून करावी. २८ आठवड्यांनंतरच्या मृतजन्माची नोंद होते, ती करून घ्यावी. त्या कागदावर बाळ होऊन गेल्याची खूण राहते. नोकरी करणाऱ्या आणि मातृत्व लाभ कायद्याखाली येणाऱ्या स्त्रीला गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा आहे. आणि बापालाही विचारावं. त्याला सगळे विचारतात ते ‘ती कशी आहे?’ एवढंच.

माणूस न जाताही घर दुःखात जातं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात आलं आणि आजोबांनी लावलेल्या नारळी-पोफळी एका दुपारी झोपल्या. ‘झाडंच गेली ना, माणसं वाचली’ असं ज्यानं म्हटलं त्याला बागायत काय असते ते कळलेलं नाही. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, बाणवली माड सहा ते आठ. साठीतल्या माणसाला ते आकडे स्वतःच्या वयात मिळवता येतात. म्हणून वाडीत जायची इच्छाच राहत नाही, आणि तिथेच दुसरं नुकसान सुरू होतं. पडलेली खोडं कुजली की त्यांत गेंड्या भुंगा वाढतो आणि उभे राहिलेले माडही जातात. त्यामुळे साफसफाई फार लांबवता येत नाही, पण ती मालकानं एकट्यानं करायची नसते. चार-पाच जणांनी एकेक बाजू धरून खोडं कापावीत, आणि मालकाला त्या दिवशी बरोबर घेऊन कोणतं झाड कुणी लावलं ते सांगू द्यावं. वहीत नकाशा काढून घ्यावा. उरलेल्या जुन्या माडाचे नारळ रोपांसाठी राखावेत. पहिल्या पावसात सगळी वाडी लावायचा हट्ट धरू नये, विहिरीजवळची एक ओळ पुरे. बैल, गाय गेली तरी हेच. पुरात वाहून गेलेल्या जनावराची किंमत कोणी विचारतं, त्याचं नाव विचारत नाही.

मुलांशी बोलताना आपण सर्वांत जास्त चुकतो. ‘बाबा देवाघरी गेले’, ‘झोपले’, ‘लांब गेले’ हे ऐकून चार वर्षांचं मूल देवाचं घर कुठे ते विचारतं, झोपायला घाबरतं, किंवा लांबून येणाऱ्या प्रत्येक एसटीकडे बघत बसतं. शब्द स्पष्ट वापरावेत. ‘बाबा मेले. मेले म्हणजे त्यांचं शरीर चालायचं थांबलं. त्यांना आता दुखत नाही, भूक लागत नाही, आणि ते परत येऊ शकत नाहीत.’ पुढचे काही आठवडे मुलं तेच तेच विचारतील आणि तेच तेच सांगावं लागेल. मुलांच्या पोटात आणखी तीन प्रश्न असतात, ते न विचारताच उत्तर द्यावं: माझ्यामुळे झालं का, तूही मरशील का, आता मला कोण बघणार. तिसऱ्याचं उत्तर नावानिशी द्यावं, शाळेत कोण सोडणार, डबा कोण करणार. मूल मध्येच खेळायला पळालं तर त्याला दुःख नाही असं समजू नये, मुलं दुःख घोटाघोटानं घेतात. स्मशानात न्यायचं का, हे सहा-सात वर्षांपुढच्या मुलाला तिथे काय दिसेल ते सांगून विचारावं, आणि नेलं तर केवळ त्याच्यासाठी एक मोठं माणूस बरोबर ठेवावं. मूल शाळेत परतण्याच्या आदल्या दिवशी वर्गशिक्षकांनी वर्गाला सांगून ठेवावं. रडू आलं तर न विचारता बाहेर जाऊन बसण्याची एक जागा ठरवून द्यावी, आणि ‘माझे बाबा’ या विषयावरचा निबंध त्या वर्षी घेऊ नये.

झोप लागत नाही म्हणून मेडिकलमधून अल्प्राझोलामसारखी गोळी आणून देणारे नातेवाईक प्रत्येक वाडीत आहेत. असं करू नये. नुसत्या दुःखासाठी या जातीच्या गोळ्या देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेचंच म्हणणं आहे. काही आठवड्यांत सवय लागते, एकदम सोडल्या की झोप पूर्वीपेक्षा बिघडते, म्हातारी माणसं रात्री उठताना पडून खुबा मोडून घेतात.

मग डॉक्टरकडे कधी जायचं? दुःख लाटेनं येतं, मध्ये उसंत देतं, जुन्या आठवणीवर हसूही येतं, तोवर घाबरू नये, मग सहा महिने लागोत की दोन वर्षं. पण सहा महिने उलटूनही रोज, दिवसभर तीच ओढ आहे, अंघोळ-जेवण-काम सुटलंय, गेलेल्याची खोली किंवा त्याचं नाव पूर्ण टाळलं जातंय किंवा त्याशिवाय दुसरं काहीच नाही, तर तो लांबलेला शोक. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या यादीत त्याला सहा महिन्यांची मर्यादा घातली आहे, अमेरिकी मानसोपचार संघटनेनं मोठ्यांसाठी वर्षाची. त्यावर ठरावीक बैठकांचं समुपदेशन उपयोगी पडतं. आणि लाटा नसून सतत सपाट काळोख आहे, मी नालायक आहे, मी मेलेलं बरं, असं बोलणं येतंय, तर महिना मोजत बसू नये. अलिबाग, रत्नागिरी, ओरोस इथल्या जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची सोय आहे, रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे, हे घरच्यांना सांगणारा एक माणूस वाडीत हवा.

संपादक महाशय, एक मागणं वर्तमानपत्रांकडेही आहे. भारतीय प्रेस कौन्सिलनं २०१९ मध्येच आत्महत्येच्या बातमीबाबत नियम स्वीकारले आहेत. पद्धत आणि जागा वर्णू नये, मथळा भडक करू नये, एकच कारण ठोकून देऊ नये, मदतीचा नंबर द्यावा. आपल्या जिल्हा पानावर हे कायमचं पाळलं जावं. दरड किंवा बोट दुर्घटनेत हंबरडा फोडणाऱ्या आईचा जवळून घेतलेला फोटोही छापू नये. तो तिच्या मुलांच्या फोनवर पुढची कित्येक वर्षं फिरत राहतो.

आणि गणपतीच्या भेटीबद्दल. यंदा त्या घरी गणपती आणायचा का, दीड दिवसाचा की पाच, मोदक करायचे का, हे ज्याचं दुःख सर्वांत जवळचं त्याला विचारून घरानं ठरवावं. वाडीनं त्यावर शेरे मारू नयेत. भजनी मंडळानं दारात टाळ वाजवण्यापूर्वी आदल्या दिवशी एकट्यानं जाऊन विचारून यावं. भेटायला जाणाऱ्यांनी उंबऱ्यातच गळ्यात पडून मोठ्यानं रडू नये. पहिल्या दिवसांत त्यानं मोकळं वाटतं, पण सहा महिन्यांनी दिवसातून सातदा तेच झालं तर ती बाई रात्री उभी राहू शकत नाही. ‘कसं झालं?’ हे पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावू नये, ते वाडीत दुसऱ्या कोणाकडूनही कळतं. पडवीत बसावं, चहा आपणच करावा, गेलेल्याचं नाव घेऊन त्याची एखादी आठवण सांगावी. तिला बोलायचं असेल तर ती बोलेल, नाही बोलली तरी वीस मिनिटं नुसतं बसता येतं. उठताना पुन्हा कधी येणार किंवा फोन कधी करणार ती तारीख सांगावी, आणि मुंबईला पोचल्यावर त्या तारखेला फोन करावा.

आपले,
रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत परिचर्या, समुपदेशन आणि शालेय क्षेत्रात काम करणारे कार्यकर्ते